स्टूल करायला गेलो आणि पाट झाला : पियानोच्या बैठकीच्या नोंदी

१ जून २०२४

माझ्या धाकट्या मुलीला दर शनिवारी इथे गोव्यात फोंड्याहून लोटलीला पियानोच्या क्लासला सोडतो. बोरीचा पूल ओलांडला की पंधरावीस मिनिटं. एरवी मी बाहेर बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसून मोबाईल बघतो पण आज पाऊस असा तिरका आला की टीचरनेच आत बोलावलं, त्यामुळे पहिल्यांदाच पूर्ण तासभर क्लास बघितला. एक जुना अपराईट, म्हणजे उभा पियानो, आतल्या खोलीत एक डिजिटल, आणि शिकणारे चौदा जण. सगळ्यात लहान मुलगी साडेसहा वर्षांची, सगळ्यात मोठे काका सत्तरीच्या जवळ. आणि या सगळ्यांना बसायला स्टूल एकच!

ती लहान मुलगी बसायला आली की टीचर स्टुलावर एक उशी ठेवते, वर जुनी टेलिफोन डिरेक्टरी, वर अजून एक उशी. पोरगी वर चढून बसते, पाय लोंबकळतात, मग ती दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीला मागे अडकवते आणि पाठीचा धनुष्य करून वाजवते. टीचर म्हणाली, "किदें करूं सांग, पियानो ल्हान करूंक जायना मगो." (पियानो काही लहान करता येत नाही ना.)

मी लगेच म्हणालो की मी करून देतो स्टूल, वरखाली होणारं. दोन रविवारांचं काम. घरी येऊन सांगितलं तर बायको नुसती हसली, कारण मागचं बुटांचं कपाट "दोन रविवारांचं" होतं आणि ते अजून बिनदाराचं आहे.

२ जून

आधी पियानोची मापं, कारण तो हलणार नाही. पांढऱ्या पट्ट्यांचा माथा जमिनीपासून ७३ सेंमी. बहुतेक सगळे पियानो ७१ ते ७४ मध्ये असतात, ब्रँड कुठलाही असो. पट्ट्यांखाली जी आडवी फळी असते तिच्या खालून जमीन ६१ सेंमी, म्हणजे गुडघ्यांना तेवढीच जागा. ५२ पांढऱ्या पट्ट्या, एकेक साधारण साडेतेवीस मिमी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२२ सेंमी. साडेसहा वर्षांच्या मुलीची उंची ११६. म्हणजे तिला आडवी झोपवली तरी पियानो उरतो.

खालची फळी काढून आत डोकावलं तर आत एक बल्ब पेटलेला. आधी घाबरलो, मग टीचरने सांगितलं की पावसाळ्यात दमटपणाने आतलं लाकूड आणि फेल्ट फुगू नये म्हणून तो जूनपासून चालूच असतो, तिच्या आईच्या वेळेपासून. बरंय, फक्त माझ्या प्लायला असा बल्ब कोण लावणार.

८ जून

आज टेप घेऊन क्लासला गेलो आणि नऊ जणांची मापं घेतली. मुलांना वाटलं शाळेचा युनिफॉर्म शिवायला कोणी टेलर आलाय.

आधी मी नुसती उंची लिहून घेत होतो. डोक्यात सरळ हिशोब होता की ठेंगण्याला उंच स्टूल, उंचाला बुटकं, एक तक्ता करून भिंतीला लावू, झालं. टीचरने तीनचार जणांचं बघितलं आणि मग म्हणाली की उंचीवर जाऊ नका, मी बसवते कशी ते बघा. ती मुलाला बसवते, हात पट्ट्यांवर ठेवायला सांगते आणि मागून फक्त कोपर बघते. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर, मनगट सरळ, खांदे खाली पडलेले. मग एका बोटाने कोपर खालून उचलून बघते. हात जड लागला तर बरोबर, हलका लागला तर पोराने खांद्याने हात धरून ठेवलाय. हे शोपँ या जुन्या पियानिस्टच्या काळापासून चालत आलेलं आहे म्हणे, तोही शिकवताना कोपर पांढऱ्या पट्ट्यांच्या पातळीला ठेवायला सांगायचा.

मग मी माप बदललं. कडक खुर्चीवर बसवायचं, दंड सरळ खाली सोडायचा, कोपर काटकोनात, आणि बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजायचं. दुसरं माप गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत. सगळे अनवाणी, कारण चपला बाल्कांवावरच काढतात, त्याचा दोन सेंमीचा फरक पडतो हे नंतर लक्षात आलं.

हिशोब एका ओळीचा. ७३ मधून बैठक-कोपर वजा करा, आली स्टुलाची उंची. लहान मुलीचं बैठक-कोपर १६, म्हणजे स्टूल ५७. धाकटीचं साडेअठरा, स्टूल साडेचोपन्न. आणि त्या टेलिफोन डिरेक्टरीच्या ढिगाची उंची मोजली तर ५३! म्हणजे ती पोरगी एवढ्या उशांवर बसूनसुद्धा चार सेंमी खालीच होती, खांदे वर करून वाजवत होती, आणि आम्हाला वाटत होतं की केवढी उंच बसलीय.

९ जून

रात्री मापं वहीत नीट उतरवताना एक गोष्ट सापडली आणि झोपच गेली. शिकवण्या घेणारी एक बाई आहे, उंची १६४. बारावीतला एक मुलगा आहे, उंची १६४. दोघांचं कोपर-माप बघा: बाईचं २०, मुलाचं २५. म्हणजे बाईला स्टूल ५३ आणि मुलाला ४८. उंची सारखी आणि स्टुलात पाच सेंमीचा फरक. बाईचे पाय लांब आणि धड आखूड, त्यात दंड लांब, कोपर खाली लोंबतं. मुलगा उलटा, सगळी उंची धडातच.

म्हणजे उंचीवरून केलेला तक्ता कचऱ्यात. बरं झालं आधीच लॅमिनेट करून घेतला नाही.

एक प्रयोगही केला होता काल तो लिहायचा राहिला. पट्टी दाबायला किती वजन लागतं ते बघायला मधल्या सी सुराच्या पट्टीवर दहाची नाणी एकावर एक ठेवली, टीचरने उजवं पेडल दाबून धरलं होतं म्हणजे डँपरचं (तार थांबवणाऱ्या फेल्टच्या ठोकळ्याचं) वजन मधे येत नाही. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, सातव्या नाण्याला पट्टी हळूच खाली गेली. म्हणजे ५४ ग्रॅम. पियानोत हे साधारण ५० ग्रॅमच्या आजूबाजूलाच असतं आणि पट्टी जाते खाली जेमतेम १० मिमी. माणसाचा एक हात खांद्यापासून तीन किलोचा. नुसता सोडला तरी पट्टी जाईल. ताकद लागते ती हात उचलून धरायला, आणि बैठक खाली असली की पूर्ण वेळ तेच चालतं. एक तास तीन किलो उचलून धरा बघू.

१६ जून

स्टूल नंबर एक. डोकं चालवून १२ मिमीचा थ्रेडेड रॉड घेतला, मधोमध बसवला, वर गोल बैठक, खाली नट वेल्ड केलेली प्लेट. फिरवा आणि वर न्या. घरी मस्त चाललं.

मग हिशोब केला (हा आधी करायचा असतो). या रॉडचे आटे पावणेदोन मिमीचे, म्हणजे एका फेऱ्यात पावणेदोन मिमी वर. आमच्या क्लासमधला सगळ्यात उंच माणूस ४५ ला बसणार, लहान मुलगी ५७ ला. बारा सेंमी. अडुसष्ट फेरे! एक गेला दुसरा आला की टीचरने अडुसष्ट वेळा स्टूल गरगर फिरवायचं. जुन्या गोल पियानो स्टुलांचे आटे जाडजाड का असतात ते आता कळलं. शिवाय वर नेलं की बैठक हलते, आणि मुलांना तर ते मेरी-गो-राउंडच, बसायच्या आधीच तीन जण त्यावर फिरून घेणार.

हे स्टूल सध्या बाल्कनीत आहे, आई त्यावर बसून माडाचे हीर काढते. तिला उंची बरोबर बसली म्हणे.

२२ जून

दुकानात मिळतं तसं कात्रीच्या यंत्रणेचं, दोन्ही बाजूंना गोल मुठी असलेलं बेंच विकत घ्या असं सगळे सांगतायत. चांगलंच असतं ते, सहज वरखाली होतं. पण चांगल्याची किंमत क्लासला झेपणारी नाही आणि स्वस्तातलं टीचरने आधी एकदा घेतलेलं, दोन पावसाळ्यांत आतला स्क्रू गंजून एका उंचीवर कायमचा थिजला. खारं दमट वारं आहे इथलं, लोखंडाला सोडत नाही.

आज अजून एक गंमत. जुन्या स्टुलाला पाच सेंमीचा फोम आहे. मी उंची मोजली ती रिकाम्या स्टुलाची. उंच माणूस, साधारण नव्वद किलोचा, बसला की फोम दीड सेंमी उरतो. लहान मुलगी बसली तर चार. म्हणजे एकाच स्टुलाची उंची दोघांना अडीच सेंमीने वेगळी. आधीची सगळी "स्टुलाची उंची" मापं पुन्हा घ्यावी लागणार, माणूस बसलेला असताना. ठरवलं की फोम नकोच, फळीवर जुन्या योगा मॅटचा एक थर आणि वर रेक्झिन. कडक वाटतं म्हणून तक्रार येईल. येऊदे. तसंही बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं असतं, मांड्या मोकळ्या, वजन बुडाच्या हाडांवर आणि पायांवर. रेलून सोफ्यासारखं बसायचं असेल तर घरी सोफा आहे.

२४ जून

सांजाव, विहिरीत उड्या मारायचा गोव्यातला सण. क्लासला सुट्टी. लोटलीकडचे ओळखीचे सगळे विहिरीत उड्या मारतायत, मी प्लायचे भाव विचारत फिरतोय.

३० जून

मेस्तच्या, म्हणजे सुताराच्या दुकानात अख्खी सकाळ. मेस्तने स्क्रूची गोष्ट ऐकली आणि म्हणाला, यंत्र कशाला पाहिजे, फळ्या ठेव ना एकावर एक. मी म्हणलं उशा-डिरेक्टरीसारखं? तर म्हणाला तशाच, पण घसरणार नाहीत अशा.

तर असं ठरलं. पक्कं चार पायांचं बाक ४५ सेंमीचं, सागवानाच्या पायांचं, आडव्या दांड्यांसकट. वर ठेवायला तीन फळ्या, १२, १८ आणि ३६ मिमी. या तिघींच्या जोड्या लावल्या की १.२, १.८, ३, ३.६, ४.८, ५.४ आणि ६.६ सेंमी मिळतात. शिवाय एक सहा सेंमीची पोकळ पेटी, ती लावली की तेच सगळं सहाने वर, म्हणजे ५७.६ पर्यंत. फार तर सव्वा सेंमीचा फरक राहतो आणि तेवढं चालतं असं टीचर म्हणते. फळ्यांना खाली खुंट्या आणि वर भोकं, एकमेकींत बसतात, जेवणाच्या डब्यासारख्या.

१८ चं म्हणून मिळालेलं प्लाय व्हर्नियर कॅलिपरने मोजलं तर १७.३ भरलं. १२ चं ११.४. मेस्त म्हणाला तसंच असतं, तू पहिल्यांदा मोजलंस. दोन १८ चिकटवून ३६ करायचे होते ते साडेचौतीस झाले. फळ्यांवर आता खरी मापं कोरून लिहिलीत, नावाची नाही.

६ जुलै

स्टूल लागलं, लहान मुलगी ५७ वर बसली, कोपर अगदी बरोबर जागी आणि वाजवायला लागली तर पहिल्यापेक्षा वाईट!

दहा मिनिटं कुणालाच कळेना. मग टीचरनेच खाली बघितलं. पाय. आधी निदान स्टुलाची दांडी होती अडकवायला, आता चार सेंमी अजून वर गेल्यामुळे पाय पूर्ण हवेत. पायाला टेकू नाही म्हणून पोरगी तोल सांभाळायला पोट आवळते, पाठ गोल करते, आणि शेवटी हातांनीच पट्ट्यांवर तोल धरते. कोपराचं माप बरोबर असून काय उपयोग, ते कोपर तर रेलिंग धरल्यासारखं झालंय. सायकलचं सीट वर केलं आणि पेडलं काढून टाकली तर काय होईल, तसं.

हिशोब आधी केला असता तर मिळालाच असता, मापं वहीत होती. गुडघ्यामागून टाच २९. स्टूल ५७. वजा केले तर २८. म्हणजे पायाखाली २८ सेंमीचं काहीतरी पाहिजे. मी महिनाभर बुडाखाली काय ठेवायचं याचा विचार करत होतो आणि पायाखाली एक कागद ठेवायचाही विचार केला नाही.

आणि ही फक्त मुलांची गोष्ट नाही. त्या शिकवणीवाल्या बाईंना ५३ वर बसवलं, त्यांच्या गुडघ्यामागून टाच ४३. मांड्या उतरत्या ठेवून पुढे बसल्या तरी टाचा जमिनीला लागत नाहीत, पेडलसाठी बोटांवर ताणून बसतात. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं माझी पाठ वयाने दुखते."

७ जुलै

घरी प्रयोग म्हणून चौरंग काढला, तो २२ सेंमी, त्यावर जेवणाचा पाट, तो ५. सत्तावीस! जवळजवळ पाहिजे तेवढंच. धाकटीच्या मैत्रिणीला बसवून फोटो काढणार तेवढ्यात आई आली.

"गणपती बसतो त्या चौरंगावर पाय?"

पुढचं लिहीत नाही. चौरंग धुऊन, पुसून, माळ्यावर. पाटाबद्दलही निकाल तोच, पाट बसायचा असतो, पाय ठेवायचा नाही. मी म्हणलं अगं पाटावर बसतो तेव्हा पायही पाटावरच असतात की मांडी घातल्यावर. हा मुद्दा टिकला नाही.

१४ जुलै

आठ दिवस सलग पाऊस. फळ्यांच्या खुंट्या फुगल्या आणि १८ ची फळी ३६ च्या फळीत अशी बसली की मी आणि मेस्त दोघांनी मिळून ओढली तरी निघेना, शेवटी रबरी हातोड्याने. लाकडी खुंट्या काढून टाकल्या आणि अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे बसवले. पाइप फुगत नाही. दिसायला नळकाम दिसतं पण चालतं. कडांना दोन हात पॉलिश जास्त.

२० जुलै

आज उंच माणसाचा दिवस. कुंडईला नोकरी करतो, उंची १८७, तिशीतला, लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला एक गाणं वाजवून दाखवायचंय एवढ्याच कारणासाठी शिकतोय, आणि चौदा जणांत सगळ्यात मन लावून तोच शिकतो.

कोपर-माप २८. म्हणजे स्टूल ४५. बसला. पण बसलेला असताना त्याच्या गुडघ्याचा माथा जमिनीपासून ६० सेंमी आणि वर फळी ६१ ला. पाय पेडलवर गेला की गुडघा वर घासतो. त्याच्या पँटवर पियानोच्या पॉलिशचा डाग आहे, पुरावा म्हणून दाखवला.

तो म्हणाला पियानोच उचलू ना, चाकांखाली ठोकळे. ग्लेन गूल्डचं उदाहरण त्यानेच काढलं, तो कॅनडाचा पियानिस्ट, वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर आयुष्यभर बसला, जमिनीपासून जेमतेम १४ इंच, म्हणजे साडेपस्तीस सेंमी, आणि वर पियानोच ठोकळ्यांवर चढवायचा. खरं आहे ते. पण गूल्डचा ग्रँड, म्हणजे आडवा मोठा पियानो होता आणि तो गूल्ड होता. अपराईट दोनशे किलोच्या वरचा, त्यात लोखंडी चौकटीचं सगळं वजन मागच्या अंगाला, ठोकळ्यांवरून मागे कलला तर धरायला कोणी थांबणार नाही, आणि इथे दिवसभर लहान पोरं. शिवाय पियानो उचलला की पेडलही वर जातं आणि पट्ट्याही, मग बाकीच्या तेरा जणांसाठी सगळंच पुन्हा. नाही म्हणून सांगितलं.

मग बसून विचार केला. स्टूल वरखाली करून गुडघा खाली जात नाही, पाऊल जमिनीवर आणि नडगी उभी असेल तर गुडघा तिथेच राहणार. पण नडगी तिरकी केली तर जाईल. म्हणून बाक मागे घेतलं, साधारण आठ सेंमी, पाऊल पुढे पेडलवर, गुडघ्याचा कोन उघडला, गुडघा चार बोटं खाली. आणि बाक ४५ ऐवजी ४७ ला नेलं म्हणजे कोपर पट्ट्यांच्या जरा वर येतं, ते चालतं, खाली आलेलं चालत नाही. हात लांब आहेत त्यामुळे मागे बसूनही अंतर जमतं. मुठी करून हात सरळ पुढे केले की त्या पट्ट्यांमागच्या उभ्या फळीला टेकायला हव्यात, ही टीचरची अंतराची खूण, आणि त्याच्या बरोबर टेकल्या.

पँट वाचली.

३ ऑगस्ट

सत्तरीचे काका. यांनी तरुणपणी जत्रेच्या नाटकांना पायपेटी वाजवलीय, नाट्यपदं सगळी बोटांवर. त्यांना मापाने बसवलं तर दर वेळी मागे सरकून पूर्ण बुड टेकून बसतात. मला वाटलं ऐकत नाहीत. मग त्यांनीच समजावलं, पायपेटीला दोन्ही पाय भात्यावर आळीपाळीने चालतात, पायावर वजन टाकायची सोयच नाही, सगळं बैठकीवरच घ्यावं लागतं. चाळीस वर्षांची सवय आहे. आणि साधी पेटी वाजवायची तर खाली मांडी घालून, तिथे उंची जमली नाही की पेटीखाली फळी सरकव नाहीतर स्वतःखाली चादर घडी करून घाल, "आम्ही तुझा हा प्रकल्प चादरीवर करायचो" म्हणाले.

त्यांना मागे बसूदे म्हणलं. टीचरही म्हणाली सोड.

एका बाईंच्या हाताची वीतही मोजली कारण त्यांची तक्रार वेगळी होती, बसणं ठीक पण सप्तक पुरत नाही. अंगठ्यापासून करंगळी पूर्ण ताणून १८ सेंमी. सी पासून वरच्या सी पर्यंत बाहेरच्या कडा धरल्या तर पावणेएकोणीस. म्हणजे हात पूर्ण ताणला तरच सप्तक कसंबसं. यावर स्टुलात काही उपाय नाही. अरुंद पट्ट्यांचे कीबोर्ड असतात, अमेरिकेत स्टाइनब्युलर नावाचा माणूस करतो, त्याच्या एका लहान मापात सप्तक साडेपाच इंचात बसतं, नेहमीचं साडेसहा इंच. योसेफ हॉफमनसारख्या मोठ्या पियानिस्टसाठीसुद्धा स्टाइनवे कंपनीने जरा अरुंद पट्ट्यांचा पियानो केला होता. हे बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा एकदम खुलला, कारण इतकी वर्षं त्या स्वतःच्या हाताला दोष देत होत्या. लोटलीत तो कीबोर्ड येणार नाही, पण ताणून दुखवून घ्यायचं नाही, मोठी सप्तकं एकानंतर एक अशी मोडून वाजवायची असं टीचरने ठरवून दिलं.

१८ ऑगस्ट

पायाचा ठोकळा. हे मात्र पहिल्याच फटक्यात जमलं म्हणून जास्त काही लिहायला नाही. ४५ लांब, २८ बाय साडेएकोणीस अशी बंद पेटी. उभी ठेवली तर २८, लहान मुलीला. आडवी केली तर साडेएकोणीस, आणि धाकटीला पाहिजे तेवढंच नेमकं, तिच्या गुडघ्यामागून टाच ३५ आहे. उभ्या पेटीचा माथा साडेएकोणीस रुंद, लहानीचं पाऊल १८, मावतं. मोठ्या बायकांसाठी वेगळा एक पाट ८ सेंमीचा. दोन्हीच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, नाहीतर टाइल्सवर सरकतं. बाजूला हात घालायला भोक.

लहानी बसली. टाचा टेकवल्या. पाठ आपोआप सरळ झाली, कोणी काही सांगितलं नाही. टीचरने कोपराखाली बोट घातलं आणि माझ्याकडे बघून, "आतां जड लागता."

आईला दाखवला पाट. म्हणाली हा पाट नाही, हा ठोकळा आहे, याच्यावर पाय ठेवलेला चालेल.

१ सप्टेंबर

चतुर्थी सातला. काम बंद. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान, मखर, सगळं एकट्यावर. बाकाच्या उरलेल्या प्लायचं मखराला पाठचं पॅनेल झालं, ते मात्र दोन रविवारांतच.

२१ सप्टेंबर

पेडलचा प्रश्न. पाय ठोकळ्यावर असतील तर पेडल कसं दाबणार? लहानांना सुरुवातीला पेडल लागतच नाही म्हणून ते पुढे ढकललं होतं, पण धाकटीच्या नव्या धड्यात उजवं पेडल आलंय. विकतचे पेडल एक्स्टेंडर असतात, मी म्हणलं करून बघू. ठोकळ्यावर मागे बिजागरी लावलेली एक पट्टी, पुढच्या टोकाला उभा दांडा, तो खाली खऱ्या पेडलवर टेकतो. चालतं. पण बिजागरी कुईं करते, आणि हळू भागात पियानोपेक्षा बिजागरीच ऐकू येते. तेल घातलं तर पेडलवर ठिपका पडला आणि टीचरने नुसतं बघितलं. नायलॉनचा वॉशर घालून आवाज गेला. दांडा पेडलवरून घसरू नये म्हणून खाली रबरी बूच, काठीला असतं ते.

१९ ऑक्टोबर

पियानोशेजारच्या भिंतीवर आता खडूने नावं आणि आकडे आहेत: कुठल्या फळ्या, पेटी आहे-नाही, पाट का ठोकळा उभा का आडवा. मुलं आपलं आपण लावतात, एक मिनिट लागत नाही. बारावीतल्याने मोठ्यांसाठी हिशोबाचं सूत्रही लिहून ठेवलंय, त्यात एक वजाचं चिन्ह चुकलंय ते टीचरने पुसून नीट केलं.

आज पुन्हा मापं घेतली. लहानीचं कोपर साडेसोळा, गुडघ्यामागून टाच ३०. साडेचार महिन्यांत एवढं. म्हणजे स्टूल साडेछप्पन आणि ठोकळा साडेसव्वीस पाहिजे, पण ठोकळा तर २८ चाच. दीड सेंमीने गुडघे वर येतात. तिला काही त्रास वाटत नाहीये, मलाच दिसतंय. तळाशी ट्यूबच्या पट्ट्यांनी पाच मिमी घेतलेत, त्या पातळ करता येतील. दर सहा महिन्यांनी माप, असं भिंतीवर वर लिहिलं.

आतला डिजिटल राहिलाय. तो एक्स आकाराच्या स्टँडवर आहे, वरच्या खाचेत पट्ट्या ७७ ला येतात आणि खालच्या खाचेत ७० ला, मधे काही नाही. ७० वर उंच माणसाचे गुडघे स्टँडच्या दांड्यांत अडकतात आणि ७७ वर लहानीला ६० चं बाक लागेल, ते माझ्याकडे नाही. सोमवारी वेल्डरकडे स्टँड नेऊन ७३ ला एक भोक पाडता येतं का बघतो.